परवा आलात तेव्हा

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायची त्यांची नोकरी, म्हणून बाजारानं ठेवलेलं हे नाव. ते इतकं चिकटलं की बायको चिडली की घरातही तीच हाक यायची. माणूस सरळ, पण भारी संशयी. कुणी कितीही शपथा घ्या, पारड्यात वजन पडून काटा स्थिर होईपर्यंत त्यांचा विश्वास बसायचा नाही.

अशा माणसाला विमानाची तिकिटं काढायला सांगू नये. पण त्यांच्या बायकोनं सांगितली होती.

सुट्टीत मावशीकडे जायचं, एवढं पक्कं होतं. आई गेल्यावर याच मावशीनं काटेसाहेबांना वाढवलं. आता ती दूरच्या एका बंदराच्या गावी एकटी राहते, गुडघे कुरकुरतात, आणि ठमीला, म्हणजे काटेसाहेबांच्या लेकीला, तिनं अजून समोरासमोर पाहिलेलंच नाही. जायचं तर या वर्षीच जायला हवं होतं. घोडं अडलं होतं ते तिकिटं कधी काढायची यावर. आज काढावीत तर उद्या भाव उतरतील, आणि उद्यावर ढकलावीत तर चढतील. काटेसाहेब रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर भाव बघत, मान हलवत आणि फोन खिशात टाकत.

"भिजत घोंगडं," बायको म्हणायची. ती औषधांच्या दुकानात कामाला. "अरे, ठमीचं लग्न ठरेल, तोवर तू भावच बघत बसशील."

"घाईनं घेतलेलं वजन नेहमी चुकतं," काटेसाहेब म्हणायचे.

"मी वजन नाही सांगितलं घ्यायला. तिकीट सांगितलंय."

मावशीला दर रविवारी दुपारी फोन जायचा. बायकोचं दुकान रविवारीही उघडं, ठमी मैत्रिणीकडे, त्यामुळे बोलायचे ते एकटे काटेसाहेबच. त्या रविवारी सकाळी दाढी करता करता त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की सुट्टी लागली की पहिल्याच आठवड्यात निघायचं. कुणाला बोलले नव्हते. दुपारी फोन लावला.

"परवा तुम्ही आलात," मावशी म्हणाली, "घर कसं भरल्यासारखं वाटलं रे."

काटेसाहेब हसले. परवा हा शब्दच लबाड. मागचाही परवा आणि पुढचाही परवा. क्रियापद ऐकायचं आणि कुठला ते ओळखायचं. म्हातारीचं क्रियापद घसरलं असणार.

"याल तेव्हा भरेल, असं म्हणायचंय का तुला?"

"तेच म्हणतेय. ठमीचा दात बसवलात का रे, असं विचारणार होते. धक्क्यावरच्या कठड्याला आपटून तुटला तो. किती रडली पोर."

थकली बिचारी, असं काटेसाहेबांना वाटलं. वाईटही वाटलं. त्यांनी विषय बदलला.

त्या आठवड्यात भाव चढले. काटेसाहेबांनी बेत पुढे ढकलला, पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ म्हणाले, तेही मनातल्या मनात. रविवारी मावशी म्हणाली, "परवा तुम्ही आलात आणि पावसानं काही घराबाहेर पडू दिलं नाही. पत्तेच खेळत बसलो. ठमी काय लबाडी करते रे खेळताना."

"आणि दात?" काटेसाहेबांनी सहज विचारलं.

"कुठला दात?"

 मावशी बोलतच होती. "बरं, तू सांगत होतास ना परवा, तुमच्या साहेबांची बदली झाली म्हणून, तर नवा माणूस बरा आहे का?"

साहेबांची बदली झालेली नव्हती. व्हायची लक्षणंही नव्हती, साहेबांनी नुकतंच घर रंगवायला काढलं होतं. बुधवारी ऑफिसात बदलीचा हुकूम आला. साहेब स्वतः तो हातात धरून खुर्चीत बसले होते आणि कुणाशी बोलत नव्हते. काटेसाहेबांनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

आता दुसरा कुणी असता तर घाबरला असता. काटेसाहेबांनी तपासणी सुरू केली. खोट्या काट्याला पकडायची त्यांची रीत साधी होती: आपल्या पेटीतलं खात्रीचं वजन टाकायचं, काटा काय बोलतो ते बघायचं, वजन बदलून पुन्हा बघायचं. इथंही तेच. मनात एक तारीख धरायची आणि मावशीला फोन लावायचा. तारीख बदलली की मावशीची आठवणही बदले. एका बेतात सामान हरवलं होतं, एकात तिचे गुडघे इतके दुखत होते की तिला धक्क्यापर्यंतही येता आलं नव्हतं. आदल्या फोनवर सांगितलेलं तिला अजिबात आठवत नसे. जे सांगे ते मात्र अगदी काल घडल्यासारखं, तपशिलासकट.

आणि गंमत म्हणजे, काटेसाहेबांना ते आवडायला लागलं. सगळं जग डोळे मिटून तिकिटं काढतं. आपल्याला मात्र सहल आधी चाखून बघता येते! असं कोणाच्या नशिबात असतं? एका दुपारी गोदामाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी एक तारीख धरली आणि मावशी म्हणाली, "इतकं छान ऊन होतं रे परवा. ठमी पोहायला शिकली. तुम्ही दोघं पाण्यातून बाहेरच यायला तयार नाही."

ही तारीख सोन्यासारखी होती. काटेसाहेब खूश होऊन उठले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

दोघं?

फोन चालूच होता. ते पुन्हा खाली बसले. आजवर मावशी 'तुम्ही आलात' म्हणत आली होती. तुम्ही म्हटलं की त्यात दोघंही मावतात आणि दहाही मावतात. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. आता मागचं आठवून पाहिलं: पत्ते कोण खेळलं? ठमी आणि आपण. सामान कोणाचं हरवलं? आपलं आणि ठमीचं.

"मावशी," ते म्हणाले, "आणि ही? हिला आवडलं का तुझं गाव?"

 पलीकडे कुठे तरी भांडं पडल्याचा आवाज आला.

"असं काय विचारतोस रे मला?" मावशीचा आवाज एकदम लहान झाला. "परवा तूच म्हणालास ना, ठमीसमोर तिचा विषय काढू नकोस म्हणून."

 काय झालं, कधी झालं, ते विचारायचा काटेसाहेबांना धीर झाला नाही. त्यांनी फोन बंद केला.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा ते दारातच उभे होते. तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली, चपला काढल्या आणि चष्मा पुसत म्हणाली, "असा का बघतोयस? काय, भाव उतरले का?" धडधाकट बाई. जिना चढून आली तरी धाप नाही. तिला धरून रडावं असं त्यांना वाटलं. पण कशाबद्दल म्हणून सांगणार?

पुढचे दिवस त्यांनी कामात लक्ष दिलं नाही. तारखा धरत होते आणि फोन लावत होते. पुढच्या वर्षीची तारीख धरली: दोघं. या महिनाअखेरची धरली: दोघं. मन घट्ट करून पुढच्याच आठवड्यातली धरली. मावशी फोनवर रडत होती आणि म्हणत होती, "इतक्या लगेच कशाला निघालास रे पोरीला घेऊन? जरा सावरायचं तरी होतंस."

तेव्हा त्यांना उमगलं. जायचंच नाही. गेलं तर ती नसते ना, मग कुठेच जायचं नाही. तिकीट नाही, विमान नाही, सहल नाही. मावशी रागावेल, ठमी रुसेल, रुसू दे. वजनच टाकलं नाही तर काटा हलेल कशाला? त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

सकाळी ठमी शाळेत गेल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. बायको ओट्यापाशी डबा भरत होती.

"सहल रद्द," ते म्हणाले. "या वर्षी नको."

ती भांडेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली. "मला माहीतच होतं, काटेसाहेब. तुझ्या भरवशावर राहिले असते तर म्हातारी वाट बघून बघून गेली असती. म्हणून मीच उपाय केला."

"कसला उपाय?"

"आपण नाही जात ना? मग तिलाच इकडे आणू. काल दुकानातून फोन केला तिला आणि तिचं तिकीट काढून टाकलं. भाव बघितला नाही, काही नाही." तिनं डब्याचं झाकण दाबलं. "पण तुझी मावशी खरंच थकली हं. मी बोलतेय हे तिला पटेचना. सारखी विचारत होती, कोण बोलतंय, कोण बोलतंय. म्हटलं, अहो मावशी, तुमची सून. तर रडायलाच लागली."

काटेसाहेबांनी ओट्याची कड धरली.

"कधी येतेय?"

"परवा."

पुढचा परवा. क्रियापद स्पष्ट होतं.

ते बाहेरच्या खोलीत गेले. मावशीला फोन लावला. येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. गुडघ्यांचं कारण सांग, काहीही सांग, पण येऊ नकोस.

मावशीनं लगेच उचलला.

"पोहोचले रे घरी सुखरूप," ती म्हणाली. आवाज दमलेला होता. "आत्ता कुठे टेकलेय. तुला सोडून यायला मन होत नव्हतं."

"मावशी, ऐक..."

"तू ऐक. चार घास खात जा. ठमीकडे बघ. परवा विमानतळावर तुला पाहिलं आणि काळीज फाटलं माझं. एवढ्या गर्दीत एकटा उभा, आणि मुठीत तिचा चष्मा. किती म्हटलं, दे इकडे, काच रुतेल हाताला. तू काही मूठ उघडली नाहीस."

फोन कानाला तसाच राहिला.

मागून पावलं आली. बायको एक डोळा चोळत होती.

"काय म्हणतेय मावशी?" तिनं विचारलं. मग चष्मा काढला आणि त्यांच्या मोकळ्या हातात ठेवला. "हा धर जरा. डोळ्यात काहीतरी गेलंय."

ती आत गेली. नळ सुरू झाला. काटेसाहेब ऐकत उभे राहिले, आणि नळ नुसताच वाहत राहिला.