शीतलच्या कानातल्यांची मुरड

रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकने शीतलच्या अंगणातल्या टेबलाला असा काही धक्का दिला, की भाजायला ठेवायची सगळी कानातली गोव्यातल्या हरमलच्या लाल धुळीत उताणी पडली.

शेजारच्या बांधकामावर चिरे घेऊन आलेला ड्रायव्हर घाईघाईने खाली उतरला. आडदांड अंग, दंडावर मारुती गोंदवलेला, आणि चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

"सॉरी हां... तुमका लागूंक नाय मां?" म्हणत त्याने एक तुकडा उचलला. पॉलिमर क्लेची चपटी निळी चकती. ती डोळ्यांजवळ नेली आणि माफी मागायला आलेला हा माणूस चक्क हसला!

"हिची कड उंदरान खाल्ली काय गो?"

शीतलच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं. चकती तिला सुरेख जमे, पण भोवतीची कड कुठे जाड, कुठे बारीक, आणि सगळीकडे बोटांचे ठसे. बाजारात दुकान चालवणाऱ्या वर्षाताईंनी साफ सांगितलं होतं, शनिवारपर्यंत कड सुबक झाली तर दुकानात जागा, नाहीतर विसर.

"येवढां कळता तर करून दाखवा!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. तिची तोंडाला लावायची पावडर बोटांना चोळली, नवी चकती घेतली, काठ चिमटीत धरला आणि दुमड, दाब, दुमड, दाब... चकतीभोवती नेवरीची, म्हणजे करंजीची, मुरड! एकसारखी, नाजूक. शीतल बघतच राहिली.

"आमी चार भाव, भैण एकय नाय," तो कुजबुजला. "गणेश चवथीच्या नेवऱ्यांक आवशीक मदत कोण करतलो? पण त्या महादेवाक सांगू नका हां. ड्रायव्हर लोक माका जगूक दिवचे नाय."

महादेव म्हणजे ट्रकच्या सावलीत बिडी ओढत बसलेला त्याचा जोडीदार. शीतलने वचन दिलं. नाव विचारलं. सिद्धेश, मुळगावचा.

त्या आठवड्यात बांधकामाला लागत नव्हते इतके चिरे आले. तिसऱ्या दिवशी 'तुमी'चं 'तू' झालं, हे शीतलच्या नीट लक्षात होतं.

"हात हलको धर."

"धरलंय मां."

"क्ले न्हय गो... माझां बोट दाबतंस तू."

"मगे सोड."

सोडलं कोणीच नाही.

शनिवारी वर्षाताई आल्या आणि कानातली बघून हरखल्या. "गिऱ्हाइकांना समोर बनताना बघायला आवडतं. एक करून दाखव."

शीतलने केली. पुन्हा उंदीर!

"मग ही सुंदर कड कोणाची?"

शीतलची नजर ट्रककडे गेली. आत सिद्धेश आणि महादेव पाव-भाजी खात होते. दुकान हातचं चाललं होतं, पण वचन ते वचन. ती मान खाली घालून म्हणाली, "सांगूक जावचां नाय, ताई."

धाडकन ट्रकचं दार वाजलं. सिद्धेश आला, स्टूल ओढून बसला आणि बोटांना पावडर लावली.

"माझी. मियां केलंय."

महादेवाचा घास घशातच अडकला. "सिद्धेशा! तू... मुरड?"

"होय. चवथीक ये, तुकाय शिकवतंय."

"पण दुकानात बसणार कोण?" वर्षाताईंनी विचारलं.

"आयतारा आमी दोघांय बसतलंव." त्याचे कान लालबुंद झाले होते. चकतीवरून नजर न काढता तो पुढे म्हणाला, "हिका चलात तर... आयतारच कित्याक? जन्मभर."

शीतलने त्याच्या हातातल्या चकतीकडे पाहिलं. त्याची मुरड पहिल्यांदाच चुकली होती. पार वाकडीतिकडी.

"ही काही खपायची नाही," वर्षाताई म्हणाल्या.

"विकूचीच नाय!" शीतलने ती त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली आणि आपल्या कानाशी धरली. "हिच्या जोडीची दुसरी कर. अशीच वाकडी होयी हां... आणि मगे घरात चल. आई च्याय ठेवता."