हरिपूरच्या पेवातला आवाज

सांगलीत आम्ही गॉथ रॉक बँड काढला, तेव्हा लोकांना वाटायचं पोरांच्या घरी सुतक आहे. मे महिन्यात काळे कपडे आणि डोळ्यांत बोटभर काजळ. घाटावर एका आजींनी मुकुलला खरंच विचारलं होतं, कोण गेलं म्हणून. मुकुल ड्रम वाजवायचा, जयराज गिटार, आणि मी, सई, गायचे. म्हणजे धडपड करायचे. आमच्या गाण्यांना खोल, काळाकुट्ट आवाज हवा होता आणि माझा होता बारीक. घरी रेकॉर्ड केलं की हरतालिकेची आरती वाटायची.

साताऱ्याच्या स्पर्धेसाठी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. निवड झाली नाही तर बँड बंद आणि जयराज नोकरीसाठी पुण्याला, हे ठरलेलं. दुसरी गायिका बघ, असं मी त्याला सरळ सांगितलं. त्याने ऐकलं नाही. आवाज घुमेल अशी जागा शोधू म्हणाला आणि एका दुपारी आम्हाला हरिपूरला घेऊन गेला.

हरिपुरात हळद साठवायची पेवं आहेत. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि जमिनीखाली खोलीएवढी पोकळी. महापुरानंतर बरीच बुजली. एक रिकामं पेव नानासोंच्या ताब्यात होतं, त्यांचा जन्म पेवांवरच्या हमालीत गेलेला. त्यांनी सकाळीच तोंड उघडून ठेवलं होतं. आत कोंडलेली हवा विषारी नाही ना, हे बघायला आधी कंदील खाली सोडला, तो तेवत राहिला तेव्हाच आम्हाला जवळ येऊ दिलं. आम्ही माईक दोराने सोडला आणि मी काठाशी गुडघे टेकले. आतून जुन्या हळदीचा, ओल्या मातीचा वास येत होता... आणि गार हवा, थांबून थांबून, कुणी श्वास सोडावा तशी.

गाण्याचं धृपद होतं, 'वर ये, वर ये'. तिसऱ्यांदा ते म्हटलं आणि माझ्या सुराखाली दुसरा सूर लागला. पुरुषाचा की बाईचा, कळेना. प्रतिध्वनी मागून येतो. हा माझ्याबरोबर येत होता.

गाणं संपलं. जयराजने हेडफोन काढले नाहीत.

"सई... खाली कोण गातंय?"

नानासो कंदील वर ओढून घेत होते. माझ्याकडे न बघता हळू बोलले, "पोरी, पेवातल्या माणसाला हाक मारून वर बोलवत न्हाईत. तीन बारी दोर हलवायचा. हाकंला कोण यील, सांगता येत न्हाई."

"मग आता?"

"आता काय... बोलावलंस न्हवं?"

आम्ही रेकॉर्डिंग तसंच पाठवलं, आणि निवड झाली. पण पेव काही साताऱ्याला नेता येत नव्हतं. तिथल्या स्टेजवर पहिलं कडवं माझ्या त्याच बारीक आवाजात गेलं. मागच्या रांगा हसल्या.

मग धृपद आलं. पायाखालच्या फळ्या थरथरल्या, गारवा पोटऱ्यांवरून वर चढला आणि तो आवाज माझ्या छातीतून बाहेर पडला. हसणारे गप्प झाले. तिसऱ्या 'वर ये'ला सगळं सभागृह उभं होतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो निव्वळ आनंद, आयुष्यात पहिल्यांदा एवढा. पहिला नंबर आमचा आला. जयराज रडला, काजळ हनुवटीपर्यंत ओघळलं, आणि पुण्याचा विषय तिथेच संपला.

त्याला सात वर्षं झाली. तीन अल्बम निघाले, आणि आता माझ्या आवाजाला कुणी हसत नाही.

गेल्या आठवड्यात जयराजने ते जुनं रेकॉर्डिंग साफ केलं. खालचा सूर वेगळा काढून मला पाठवला. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की तो माझेच शब्द गातोय. तसं नाही. त्यात मी त्याच आठवड्यात, मंगळवारी लिहिलेलं गाणं आहे, माझ्या वहीतलं, अजून कुणालाही न दाखवलेलं.

वहीत शेवटचं कडवं नाही. ते मला काही केल्या सुचत नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये ते आहे. चार ओळी, अगदी स्पष्ट.

मी त्या उतरवून घेतल्या.