परत न घेतलेली सुपारी

मोटरहोम घेऊन किनाऱ्याने फिरायचं तुमच्या मनात असेल, तर बसा जरा, चहा सांगतो. गाडी कुठली घ्यावी हे मला कळत नाही. पण ती बंद पडल्यावर बोलवावं कुणाला, यावर मी बराच विचार केलेला आहे. श्रीवर्धनात माझं सुपारीचं दुकान. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

आमच्या निकेतने, म्हणजे मुलाने, मोटरहोम घेतली. टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेलं घरच ते. मागे पलंग, मध्ये ओटा, छोटा फ्रिज, पंखा. मुंबई-पुण्याची मंडळी भाड्याने नेतात. मी म्हटलं, "घर ते घर, त्याला चाकं कशाला?" तर म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त बंद पडल्यावर कुणाला बोलवायचं ते ठरवा. माणूस ओळखण्यात तुमचा हात कोण धरणार?"

मग ते मी ठरवलं. रस्त्यावर मदत पाठवणाऱ्या तीन कंपन्यांना फोन केले आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला: दिवेआगर ते श्रीवर्धन, समुद्राकडच्या रस्त्यावर एवढी लांब गाडी बंद पडली, तर उचलणार कशी? पहिला म्हणाला, लगेच येतो. दुसरा म्हणाला, पोचलोच समजा. तिसऱ्या कंपनीतली मुलगी म्हणाली, "थांबा काका, विचारून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी खरोखर तिचा फोन. "साधी क्रेन चालणार नाही. पुढून उचलली तर मागचं घर रस्त्याला घासेल. सपाट पाठीची लांब गाडी म्हसळ्याहून येईल, वेळ लागेल. आणि गाडी नेताना आत कुणी बसायचं नाही."

वर्षाची योजना मी तिच्याकडूनच घेतली. जो चटकन हो म्हणतो, त्याच्या पोत्यात आधी कोपरापर्यंत हात घालून बघावा. एका हसऱ्या माणसाने मला एकदा 'हो शेट, हो शेट' करत वरवर सुकवलेली सुपारी गळ्यात मारली होती. गोदामात पडल्या पडल्या पोती हलकी व्हायला लागली. आमच्या धंद्यात त्याला तूट म्हणतात. माल तिथेच, तसाच दिसतो, पण उचलून बघाल तर त्यातलं काहीतरी निघून गेलेलं असतं.

हे एवढं शहाणपण खिशात घेऊन मी त्या संध्याकाळी शेखाडीच्या पुढे उभा होतो.

त्याचं असं झालं. आमची आई, सोनूबाई, पनवेलच्या दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस, आता घरी न्या. तिचाही तोच धोशा. "काळू, मला माझ्या खाटेवर ने. हितं मला जाऊ देऊ नको." आमच्या ओटीवर तिची खाट आहे, लग्नात आली तेव्हापासूनची. तिला बसवत नव्हतं, म्हणून निकेत म्हणाला, आपल्या गाडीत पलंग आहे की. दोन वॉर्डबॉय आणि आम्ही दोघे, चौघांनी मिळून तिला चढवली तेव्हा चौघांनाही धाप लागली. आई हाडापेराने दांडगी. आजारात अंग सुकलं, पण हाडं कुठे जाणार? तिची जीभ मात्र चालू होतीच. "चौघं मिळून म्हातारी उचलवत न्हाय? पगार कशाचा घेता रे?"

म्हसळ्याला तिने डोळे उघडले. "घाटानं नको. समिंदर दिसू दे." आजारी माणसाला नाही कोण म्हणणार? निकेतने गाडी दिवेआगरकडे घातली.

शेखाडी मागे पडली आणि पुढून वाफ आली. निकेतने खाली उतरून पाहिलं. "बाबा, पाण्याचा पाइप फुटलाय. इंजिन चालू केलं तर कायमचं बसेल." फोनला रेंज नव्हती. मागच्या चढावर मिळेल म्हणून तो चालत निघाला. वळणाआड दिसेनासा झाला.

एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काळे खडक आणि भरतीचं पाणी. सूर्य बुडालेला, पण उजेड अजून पाण्यावर होता. इंजिन मेलं होतं, मागचं घर मात्र जिवंत होतं. घराची बॅटरी वेगळी असते ना. आईच्या उशाशी दिवा पिवळा जळत होता, फ्रिज घुरघुरत होता. बंद पडलेल्या गाडीतला तो घरगुती आवाज मला त्या वेळी बरा वाटला.

मग साखळीचा आवाज आला.

आधी इंजिनाचा आवाज यायला हवा, नाही का? तो आलाच नाही. नुसती साखळी, लोखंडावर लोखंड, सावकाश. श्रीवर्धनच्या बाजूने एक जुनी क्रेन येऊन आमच्या समोर थांबली. दिवे नव्हते. वास मात्र आला, खाडीत बुडून राहिलेल्या दोरखंडाला येतो तसा. माणूस उतरला. मध्यम वयाचा, टोपी घातलेला. चेहरा विचाराल तर आजही सांगता येणार नाही. बघितला होता, एवढंच.

"शेट, घरी न्यायचं ना?"

"तुला कुणी पाठवलं?"

"फोन आला की."

"कुणाचा?"

"बाईमानसाचा आवाज व्हता. म्हनली, मला घरी न्या."

मी मनाशी जुळवलं. निकेतला रेंज मिळाली असणार, कंपनीतल्या मुलीने याला धाडलं असणार. पण 'मला' कशाला म्हणेल ती? हा विचार आला, आणि तसाच गेला. मी माझा नेहमीचा प्रश्न काढला.

"ही गाडी लांब आहे. क्रेनने मागचं घासेल."

"न्हाय घासत."

"आत आजारी माणूस आहे. आत कुणी बसायचं नसतं म्हणे."

"असू द्या. निजलीय, उठवू नका."

"अंधार पडायच्या आत पोचू?"

"पोचू."

मला तेव्हाच पोत्यात हात घालायला हवा होता. पण तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"काळू, कोन रे? घरी नेतो म्हनतोय ना? मग सांग की त्याला!"

मी खिशातून सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली.

आता हे तुम्हाला नीट सांगतो. लग्नात वाजंत्री ठरवताना, आचारी ठरवताना आपण सुपारी देतो. दिली की काम ठरलं, मग कागद नको की सही नको. आमच्या वडिलांची रीत होती, खिशात कायम एक सोललेली सुपारी. मीही ठेवतो. ती एका अंगाने चपटी होती, ठिपकाही होता. वर्षभर बोटांनी चाळवलेली, त्यामुळे अंधारातही ओळखली असती. त्याचा तळवा थंड आणि ओला लागला. त्याने मूठ मिटली आणि मागच्या खिडकीशी जाऊन आईकडे पाहत उभा राहिला.

तेवढ्यात निकेत धापा टाकत आला. मला बाजूला ओढून कुजबुजला, "बाबा, हा कोण? कंपनीची गाडी आत्ता म्हसळ्याहून निघतेय. याच्या क्रेनला नंबरसुद्धा नाही! दुसऱ्या कुणी हात लावला तर आपली योजना रद्द होईल."

"अरे, तूच फोन केलास ना?"

"मी म्हसळ्याच्या गाडीला केला. हा पुढून कसा येईल?"

तीन कंपन्या पारखून घेणारा मी, आणि रस्त्यात आलेल्या पहिल्या माणसाला हो म्हणून बसलो होतो. लाजच वाटली. मी त्या माणसाला म्हणालो, "राहू दे रे बाबा. आमची गाडी येतेय."

"सुपारी घेतलीय मी."

ठरलेलं मोडायचं तर सुपारी परत घ्यायची असते. घरी बोलावून वाजंत्र्याला नको म्हणायचं झालं, तरी आधी सुपारी मागतात. मला हे माहीत नाही असं थोडंच आहे? पण तिन्हीसांजेला आलेल्या माणसाकडून सुपारीएवढी वस्तू मागून घेणं जिवावर आलं.

"असू दे," मी म्हणालो, "खा तू."

त्याने मूठ खिशात घातली. मग म्हणाला, "बरं शेट. तुमी तुमचं न्या. मी माझं नेतो."

पुढच्या बाजूला साखळी वाजली. आमची गाडी एकदाच हलली, कुणी हिसका द्यावा तशी. आतून आईचा आवाज आला, "आ..." आणि थांबला. मी आत धावलो. ती डोळे मिटून होती, श्वास चालू होता. बाहेर आलो तर रस्ता मोकळा. त्या अरुंद रस्त्यावर त्याने क्रेन वळवली कशी? मी निकेतला विचारलं.

"मी... मी तुमच्याकडे बघत होतो, बाबा," तो म्हणाला.

साखळीचा आवाज तेवढा पुढे श्रीवर्धनच्या दिशेने लांब जात राहिला. मग लक्षात आलं, आईच्या उशाचा दिवा विझलाय. फ्रिजही गप्प झालाय.

कंपनीची सपाट गाडी आली तेव्हा पुरता अंधार होता. बरोबर आम्हाला न्यायला मोटार. विनेश नावाचा बोलका गडी होता. "काका, एवढा बंगला घेऊन फिरता, एक पाइप जादा ठेवायचा की!" मग विजेरीच्या उजेडात पुढचा हूक बघून थबकला. "आधी कुणी ओढली का गाडी? हूक वाकलाय. आणि ही ओली वाळू?"

"कुणी नाही," निकेत म्हणाला.

आईला मोटारीत हलवायला विनेश हात लावायला येतच होता. त्याआधी मी नुसतं सरकवून बघावं म्हणून तिच्या पाठीखाली हात घातले, आणि ती एकट्या माझ्या हातांवर उचलली गेली. सकाळी चौघांना दमवणारी माझी आई! हात तेच, चेहरा तोच, कपाळावरचं गोंदण तेच. पण उचलल्या उचलल्या माझ्या हातांना जे कळलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही. तूट आली होती.

निकेत गाडीबरोबर म्हसळ्याला गेला. आम्ही घरी पोचलो. फाटकातून आईला हातांवर घेऊन मी आत शिरतो तोच माझी बायको कमळ गरम पाण्याचं पातेलं घेऊन मागच्या दाराने ओटीवर येत होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मग खाटेवर कोण आहे?"

खाटेवर कुणी नव्हतं. चादर मात्र माणूस उठून गेल्यासारखी चेपलेली. मी हात लावला. ऊब होती.

"दिवेलागणीला क्रेन आली," कमळ सांगत होती, तिचा आवाज फाटत होता. "त्या माणसाने आईंना उचलून आणलं, खाटेवर निजवलं. मी विचारलं, हे कुठेत? तर म्हणाला, मागनं येतायत. फोन लावला, तुमचा लागेना. मी आईंना चहा दिला. घोट घेऊन म्हणाल्या, साखरेला म्हागाई आली का गं? अहो, इतकी वर्षं ऐकतेय, मी माझ्या सासूला ओळखणार नाही?"

"पत्ता कुणी सांगितला त्याला?" मी विचारलं.

कमळने माझ्याकडेच बोट केलं. सांगितला असता तर मीच ना? मी नव्हता सांगितला.

कप रिकामा होता. बशीत सुपारी होती, एका अंगाने चपटी, ठिपक्याची. अर्धी चावलेली. आईच्या तोंडात एकही दात नाही, तिला आम्ही सुपारी कुटून देतो.

डॉक्टरांनी दिलेली मुदत कधीच उलटली. आई आहे, बसते, जेवते. शेजारीपाजारी म्हणतात, घरची हवा मानवली. पण ती त्या खाटेवर निजत नाही. "तिथं बाय हाय," म्हणते आणि पडवीतल्या खुर्चीवर बसून राहते. चहा कसाही द्या, निमूट पिते. कमळ मुद्दाम बिनसाखरेचा देऊन बघते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते.

परवा संध्याकाळी कंपनीतल्या त्या मुलीचा फोन आला. फार गुणी मुलगी. "काका, आमची मदत कशी वाटली? गाडीतली सगळी माणसं सुखरूप घरी पोचली ना?"

मी पडवीत उभा होतो, कमळ माझ्या शेजारी. निकेत नवा पाइप बसवून घ्यायला म्हसळ्याला गेलेला. समोर खुर्चीत आई.

"हो," मी म्हणालो, "सगळी पोचली."

आईने मान वर केली. रागावली नव्हती, उलट माझी समजूत काढावी तसं बोलली. "खोटं कशाला बोलतोस, काळू? मी कुठं पोचलेय अजून... मला घरी ने ना रं."

कमळने माझा दंड धरला. फोनवर मुलगी विचारत होती, "हॅलो? काका?"

आणि आत ओटीवर, खाटेच्या बाजूने, कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. कुणीतरी साखर ढवळत होतं, सावकाश.