मी ओळखते

डहाणूच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. हायकोर्टात जाणारी अपिलं मी बांधते. समास किती सोडायचा, ओळींत अंतर किती, अनुक्रमणिका कुठे, पुसट कागदाची टाइप केलेली प्रत कुठे जोडायची, यात जरा चुकलं की तिकडची खिडकी गठ्ठा परत फेकते. माझा गठ्ठा परत येत नाही. देवाधर्मावर माझा विश्वास बेताचाच, पान क्रमांकांवर मात्र पूर्ण.

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक ओळ असते, ‘मी यांना ओळखते.’ तिच्याखाली कुणीतरी सही करावी लागते. पाड्यावरून आलेल्या माणसाला कोर्टाच्या आवारात कोण ओळखणार? मग मीच ठोकते सही. सगळेच ठोकतात. “सुषमा, उद्या म्हशीला आणलं तरी तू ओळखशील,” असं शेजारचे नोटरी चिडवतात.

त्या दिवशी हाल्याचं अपील जायचं होतं. हाल्या गंजाडकडच्या एका पाड्यावरचा, सख्ख्या भावाच्या खुनात जन्मठेप झालेला. त्याची बायको तानी कोर्टात बोलली होती, की त्या संध्याकाळी नवरा घरातच होता, मी नागलीची भाकर थापत होते. पण चिमण नावाच्या कासाराने शपथेवर सांगितलं, की त्याच वेळी मी तलासरीच्या बाजारात या बाईच्या हातात बांगड्या भरत होतो. बाई एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, सबब तिची साक्ष खोटी, असं निकालात आलं आणि हाल्या आत गेला. चिमण खोटारडा आहे, हा आमचा पहिला मुद्दा. मी तो ठळक अक्षरांत टाइप केला होता. अपिलाला आधीच उशीर झालेला. तो माफ व्हावा म्हणून तानीचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि उद्यापासून कोर्टाला लांब सुट्टी.

सकाळी दुकान उघडायला गेले तर ती पायरीवर बसलेली. लाल लुगडं, चापून बसवलेले केस. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

“तानी ना?”

“हां.”

मी मजकूर वाचून दाखवला. तिने दोन्ही प्रतींवर अंगठा टेकवला. पुसायला चिंधी दिली तर पुसलं नाही, शाईकडे बघून नुसती हसली. मी सही केली, नोटरींनी शिक्का मारला. मी गठ्ठा दोऱ्याने शिवला आणि वकिलांचा माणूस नविन तो गाडीत टाकून मुंबईला निघाला. बाई कधी उठून गेली, कळलंही नाही.

दुपारी डबा उघडला, तर दारात तीच. तेच लुगडं, पाय धुळीने भरलेले.

“ताई, मी तानी. एसटी चुकली, चालत आले. अंगठा कुठं देऊ?”

“मस्करी करता का? सकाळी दिलात की!”

“मी आताच येते, ताई.”

तिने हात पुढे केले. दोन्ही अंगठे कोरे. ती शाई दोन दिवस निघत नाही.

“जुळी बहीण आहे?”

“नाय. मी एकलीच.”

मला धडकीच भरली. कुणीतरी तोतया येऊन गेली होती आणि खाली सही माझी होती. हे उघडं पडलं तर अपील बुडणार आणि हाल्या आतच मरणार. मी तिचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला आणि तो कागद माझ्याकडच्या प्रतीवर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. बाहेर रणरणतं ऊन होतं.

रेषेवर रेष बसली.

काचेवरून कागद काढवेना. चिमण खोटं बोलला नव्हता. तानीही बोलली नव्हती. हे कुठल्या मुद्द्यात घालू?

तानी मात्र शांत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“ती आली होती?” तिने विचारलं. “तुरुंगात पन तीच जाते. मी गेले का शिपाई बोलतो, तू आताच भेटून गेली. हाल्या बोलतो, मघाशी किती गोड बोलली, आता काय झाला तुला?”

“कोण आहे ती?”

“माला काय माहीत? शिपाई बोलतो, मघाशी बांगड्या होत्या, आता कुठं गेल्या? मी कधी घालतच नाय.”

सकाळी अंगठा टेकवताना तिच्या हातातली काच किणकिणली होती.

फोन वाजला. मी दचकून स्पीकरच दाबला. नविन होता.

“ताई, दाखल झालं. नंबर पडला. पण बाईंना कशाला पाठवलंत? मी पोचलो तर त्या आधीच पायरीवर बसलेल्या. घ्या, बोला.”

“नको,” मी म्हणाले, पण त्याने फोन दिलाही होता.

पलीकडून तानीचाच आवाज आला, जरा घोगरा, सावकाश.

“ताई, ती बसली हाय ना तिथं? तिला बोला, चूल पेटवून ठेव. हाल्या सुटला का आमी दोघं येतो.”

समोरच्या तानीने मान डोलावली, पदर खोचला आणि ती घरी जायला उठली.