पहिलं गिऱ्हाईक

छत्री विसरले नसते, तर माझ्या नावाने कागद जाळणारा माणूस दिसायला इतका बरा आहे, हे मला कळलंच नसतं.

हनोईत फरशीला घाम फुटायचे दिवस होते. तेतचा, म्हणजे नववर्षाचा, सण होऊन गेला होता, पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी लोंबकळत होतं... केस ओले, भिंती ओल्या, कपाटातले कपडेसुद्धा ओले. झोई बाजारातली दुकानं नुकती उघडत होती. घड्याळांच्या एका लहानशा दुकानापाशी मी थबकले, कारण पुढच्या ट्रेवर लाल अक्षरांत लिहिलं होतं — ‘ऐंशी टक्के सूट’. असं काही दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात.

तोच माझा धंदा आहे. सवलतीत मिळणारी घड्याळं नि यंत्रं घ्यावीत की नाही, हे मी फोनवरच्या छोट्या व्हिडिओंतून लोकांना सांगते. पर्समध्ये स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन फिरते, कारण पॉवर बँकेच्या खोक्यावर काय वाटेल ते छापता येतं, पण आतल्या बॅटरीचं वजन छापता येत नाही. हेडफोन असले तर दांडी वाकवून बघते. घड्याळ असलं तर कानाला लावते, किल्ली फिरवते, पट्ट्याची कडी नखाने उचलून बघते. आणि सूट कोणत्या किमतीवर दिली, ते तर विचारतेच. बहुतेक वेळा किंमत आधी फुगवलेली असते आणि मग कापलेली असते.

दुकानदार तरुण होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर भिंग अडकवलेलं. “बघा ना ताई,” म्हणाला. मग मी बघितलंच. एकेक घड्याळ उचललं, हलवलं, उलटं केलं. तबकडीवरचे छोटे काटे नुसते चिकटवलेत, फिरत नाहीत, असं सांगितलं, तर तो ‘हो’ म्हणाला. पट्टा चामड्याचा नाही म्हटलं, तर त्यालाही ‘हो’. सगळंच कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शेवटी मी म्हणाले की ही सूट नाहीच, हीच याची खरी किंमत आहे, आणि काहीएक न घेता चालती झाले.

कोपऱ्यापर्यंत गेले आणि छत्री आठवली. परत आले, तर हा पठ्ठ्या वर्तमानपत्राचा तुकडा पेटवून ट्रेवरून ओवाळतोय, आणि समोरच्या रेडिओच्या दुकानातली लुएन काकू त्याला बसल्या जागेवरून सूचना देतेय.

“दारातूनही फिरव. नीट फिरव, चांगलीच पांढऱ्या पायाची होती ती.”

तेवढ्यात त्याने मला पाहिलं. कागद जळत जळत त्याच्या बोटांपर्यंत आला.

“छत्री,” मी म्हणाले.

“हो... छत्री,” तो म्हणाला, आणि भाजलेलं बोट त्याने तोंडात घातलं.

भवानी व्हायच्या आत यायचं, सगळा माल चिवडायचा आणि हात हलवत निघून जायचं, म्हणजे दुकानाला दिवसभराचा नाट, आणि तो घालवायला मागून कागद जाळायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? या बाबतीत मी घरात चांगलीच नावाजलेली आहे. तेतच्या पहिल्या सकाळी ऊन वर येईपर्यंत आई मला घराबाहेर पाठवत नाही, कुणाच्या दारात मीच पहिली पोचले तर त्यांचं वर्ष बिघडेल म्हणून. एका तेतला आत्याने मला येताना पाहून दार लावून घेतलं होतं. हसत हसत, पण लावून घेतलं होतं. जी मुलगी वर्षभर प्रत्येक वस्तूत खोट काढते, तिचा पायगुण चांगला कुठून असणार? मीही सगळ्यांबरोबर हसायचे, पण आतून लागायचं.

त्या दिवशी मात्र चिडायच्या ऐवजी मला हसूच आलं.

“माझ्यासाठी किती कागद लागला?”

“अर्धं पान. खेळाचं होतं.”

“अर्ध्यात भागलं? माझ्या आत्याला विचारा, ती म्हणेल अख्खा पेपर जाळा.”

तो हसला. बोट अजून तोंडातच होतं, त्यामुळे फारच वेडा दिसत होता. मग म्हणाला, “असं करा ताई, उद्या सकाळी तुम्हीच पहिल्या या, आणि काहीतरी घ्या. पट्ट्याची पिन घेतलीत तरी चालेल. म्हणजे आजचं भरून निघेल.”

“येईन. पण ताई म्हणू नका. उयेन म्हणा.”

मी गेले. पिन घेतली. संध्याकाळी त्याचा निरोप आला की दिवस फार छान गेला, उद्याही या. खरा गेला की नाही देव जाणे, पण मी गेले. पुढे पुढे माझ्याकडे घड्याळ एक आणि पिना खणभर, अशी परिस्थिती झाली.

त्याचं नाव लाम. वडील गेल्यावर दुकान तो आणि त्याची आई, थोआ मावशी, मिळून चालवायची. मावशी मागच्या बाजूला बसून केळीच्या पानातला चिकट भात खायची. सुरुवातीला माझ्यासाठी पानाची पुडी लांबूनच सरकवायची, मग हळूहळू शेजारी स्टूल मांडायला लागली. मी तिथेच माझी वजनं करायचे, लाम घड्याळांची पाठ उघडून आतलं यंत्र मला दाखवायचा, आणि कुठला माल विकायचा नि कुठला परत पाठवायचा यावर आमची रोज जुंपायची. इतकं छान भांडण माझ्याशी आजवर कुणी केलं नव्हतं.

एकदा त्याच्याकडे सवलतीतली स्मार्ट घड्याळं आली. हृदयाचे ठोके मोजणारी म्हणे. त्याने एक माझ्या मनगटाला बांधलं. बक्कल लागेना... की त्याला लावायचीच नव्हती, कोण जाणे. बोटं तिथेच रेंगाळली. आकडा भराभर चढायला लागला.

“बाप रे,” तो हळूच म्हणाला. “धावत आलीस का?”

“घड्याळ बिघडलंय. सवलतीतलं आहे ना!”

मी ते काढलं आणि चहाच्या थर्मासला बांधलं. घड्याळाने थर्मासचेही ठोके मोजले आणि त्याची तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. मावशी पोट धरून हसली. मी जिंकले होते... पण लामने माझं मनगट पुन्हा हातात घेतलं, स्वतःच्या जुन्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून ओठातल्या ओठात मोजत राहिला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “घड्याळ खोटं आहे, हे खरंय. पण तुझा आकडा... बरोबर होता.”

त्यानंतर बराच वेळ मी वजनकाटा विनाकारण पुसत बसले.

मग तोआनभाऊंचा माल आला. हा माणूस सीमेपलीकडून घाऊक माल आणायचा. एक कारखाना बंद पडला होता आणि त्याची घड्याळं हा चौथाई किमतीत देत होता. मनगटाच्या हालचालीवर चालणारी, पाण्यात घालून पोहता येईल अशी. सगळा माल एकदम उचलायचा, ही अट. लामला पलीकडच्या गल्लीत काचेच्या दाराचं पक्कं दुकान घ्यायचं होतं, आणि या मालावर ते सहज झालं असतं. थोआ मावशीने त्यासाठी आपलं सोनं काढून ठेवलं होतं. लाम मला म्हणाला, “तू बघ. तू हो म्हणालीस की घेतो.”

आणि मावशी म्हणाली, “सौदा सकाळी पहिलाच करू. उयेनला बोलवा, हल्ली तिचा पायगुण बरा चाललाय.”

घरी जाताना मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. शुभ कामाच्या वेळी मला मुद्दाम बोलावणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. त्या रात्री मी मनापासून इच्छा केली की माल चांगला निघू दे.

सकाळी तोआनभाऊंनी खोकं उघडून वरचं घड्याळ माझ्या हातात दिलं. मी तळातलं घेतलं. वजनाला चांगलं, ठोका स्वच्छ, किल्ली मऊ. मला ते आवडलं, अगदी खरं सांगते. मग माझा गरम चहाचा ग्लास मी पुढे ओढला, त्यावर घड्याळ उताणं ठेवून ते चांगलं शेकून घेतलं. लुएन काकू बर्फ घातलेला चहा पीत बघायला आली होती, तिच्या ग्लासातला खडा मागून घेतला आणि काचेवर टेकवला.

खड्याच्या खाली, काचेच्या आतून, वाफेचा एक छोटा करडा ठिपका उमटला. आत ओल शिरली होती. म्हणजे पाणीही शिरणार. दुसऱ्या घड्याळालाही तसाच ठिपका आला. तिसरं स्वच्छ राहिलं.

“अहो, इथे भिंतींना घाम फुटलाय,” तोआनभाऊ म्हणाले, “घड्याळाला फुटणार नाही?”

सगळे हसले. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. घड्याळं चालली असती, वर्षभर तरी नक्की चालली असती. लाम माझ्याकडे बघत होता. मावशी माझ्याकडे बघत होती, तिच्या मांडीवर सोन्याची पुरचुंडी होती. ‘चालेल’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता... एवढं म्हटलं की काचेचं दार, लामचा हसरा चेहरा, रोजचं ते स्टूल, सगळं माझं.

“घेऊ नका, मावशी,” मी म्हणाले. “पाण्यात चालतात म्हणून तुम्ही विकाल, आणि हात धुताना बंद पडतील. गिऱ्हाईक यांना शोधत सीमेवर जाणार नाही. तुमच्या दारात येईल.”

तोआनभाऊंनी खोकं बांधायला घेतलं. सकाळच्या भवानीलाच नाट लावला पोरीने, असं दोरीला गाठ मारताना ते मोठ्यानेच पुटपुटले. लुएन काकू माझी नजर चुकवत आपल्या दुकानात गेली आणि वर्तमानपत्र नि काडेपेटी घेऊन आली. ती माझ्यासाठीच आहे हे समजायला मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पर्स उचलली आणि निघाले.

रताळी भाजणाऱ्या बाईच्या गाडीपर्यंत मी कशीबशी रडू आवरलं. तिने न विचारता एक रताळं हातात दिलं, आणि मग मात्र आवरलं नाही. तेवढ्यात मागून पावलं आली. लाम. भुरभुर पाण्यात डोक्यावर काही नाही, भिंग तसंच कपाळावर.

“जाळला कागद?” मी विचारलं.

“नाही. आईने काकूंच्या हातातून काडेपेटी काढून घेतली आणि स्टोव्ह पेटवला. तुझा चहा घड्याळ शेकण्यात गार झाला ना, म्हणून नवा ठेवलाय.”

“आणि सौदा?”

“मोडला.”

“माझ्यामुळे.”

“हो, तुझ्यामुळे. आईने सोनं परत गळ्यात घातलं.” तो धापा टाकत होता. “ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाबा गेल्यापासून या दुकानात येणारा प्रत्येक जण मला घे घे म्हणतो. या पोरीला हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. नाही म्हणताना तिच्या जिवाला काय झालं असेल, ते मी पाहिलंय.”

हे कुणाला दिसलं असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

“तुझं काचेचं दार गेलं,” मी म्हणाले.

“पुढे कधीतरी होईल.”

“तरी मी आता सकाळची येणार नाही. बाजारातले पेपर संपतील.”

“हो, तेच सांगायला आलोय. पहिलं गिऱ्हाईक म्हणून तू येऊच नकोस.”

मी मान खाली घातली. त्याने खिशातून काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. दुकानाच्या शटरची किल्ली होती.

“त्याच्या आधी ये. शटर तू उघड. आत बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक कोण म्हणतं?”

“हे... नोकरीचं विचारतोयस?”

“नाही गं.” त्याचे कान लाल झाले. “आईने नीट बोल म्हणून बजावलं होतं... उयेन, मला तू आवडतेस. घड्याळ बघतेस ना, तसं मलाही बघ. उलटून पालटून बघ, हवा तेवढा वेळ घे. खोट सापडली तर सांग.”

“पुष्कळ सापडल्यात.”

“मग?”

“तरी ठेवून घेते.”

रताळेवाली खुदकन हसली. लामने माझा हात धरला, आणि तसाच धरून आम्ही सगळ्या बाजारातून परत आलो. आत्याने लावून घेतलेलं ते दार मला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. त्या मायलेकांचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. दुकानापाशी लुएन काकू अजून घुटमळत होती, पेपरची सुरळी हातात घेऊन. थोआ मावशीने वाफाळता ग्लास माझ्या हातात दिला, माझ्या दंडाला धरून मला फळीच्या आतल्या बाजूला घेतलं, आणि मग काकूकडे वळली.

“पेपर ने तुझा परत,” ती म्हणाली. “आमच्या घरचीच आहे ही.”