वेशीवरचा प्रधान

२०१४ सालची गोष्ट. अरुणा सबनीस हौगांग उपनगरातल्या एका जुन्या चिनी देवळात गेली ती साध्या कामासाठी. देऊळ पाडून तिथे फ्लॅट होणार होते. त्याआधी इंजिनियर म्हणून तिने इमारत पाहून सही करायची, एवढंच. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर कंत्राटदाराचा सुपरवायझर मुकुल यंत्रं घेऊन थांबला होता.

आत गारवा होता, काळोख होता, उदबत्त्यांचा वर्षानुवर्षांचा वास होता. आसनावर एक भली मोठी लाकडी मूर्ती बसली होती.

"हा देव नाही, मिस," म्हातारे पुजारी मिस्टर टे हळूच म्हणाले. ते देऊळ सोडायला तयारच नव्हते. "हा प्रधान. फार पूर्वी चीनमध्ये नदीला पूर आला. राजा पळाला. जाताना याला म्हणाला, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत वेस सोडू नकोस. वेशीची कमान ढासळत होती. याने खांद्यावर तोलून धरली. तीन दिवस. सगळं नगर निघून गेलं... हा तिथेच राहिला."

अरुणाने मान डोलावली आणि खांबात स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. चारही खांब वाळवीने पोखरलेले. तिने टॉर्च वर धरला. मुख्य तुळई खांबांवर टेकलेलीच नव्हती! मध्ये चांगली दोन बोटं फट होती. वर कित्येक टन कौलं.

त्या शांततेत तिला श्वास ऐकू आला. जड, दबलेला. ओझं पेलणाऱ्या माणसाचा.

"अंकल... हे छप्पर कशावर उभं आहे?"

"मी अजून आत आहे ना," टे म्हणाले.

बाहेरून मुकुल ओरडला, "अरुणा, झालं का गं?"

टे यांच्यापुढे ती गुडघ्यांवर बसली. "अंकल, किती शतकं झाली. आता त्यांना सुट्टी द्या."

टे यांचे डोळे भरून आले. त्यांनी मूर्तीपुढे तीनदा वाकून आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि काठी टेकत ते बाहेर पडले. उंबऱ्यावर अरुणा थबकली. आत आता ती एकटीच होती. म्हणजे प्रधान हा भार आता तिच्यासाठी पेलत होता. तिने हात जोडले आणि पाऊल बाहेर टाकलं.

मागे छप्पर खाली आलं. कोसळलं नाही. कुणी दमून हळूच खाली ठेवावं, तसं आलं. एकही कौल फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी छप्पर बाजूला काढून क्रेनने मूर्ती आसनासकट उचलली. खाली अखंड दगडी फरशी होती आणि तिच्यात चार बोटं खोल रुतलेले, उभ्या माणसाच्या दोन अनवाणी पावलांचे ठसे.

अरुणाने वाकून हात लावला. दगड अजून कोमट होता.