थोडं मांगं

सुगतने फिशआय लेन्स घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिली चौकशी केली ती त्याच्या वडिलांनी.

"मासोईच्या डोळ्यानं पाहून काय दिसन बे तुले?" टिकारामजी म्हणाले. "आपल्या डोळ्यानं तरी पुरतं पाहून झालं काय?"

टिकारामजी आसगावचे निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं सायकल हाणून त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि जीभ मात्र तशीच तरुण राहिली होती. सुगतचा बसस्टँडजवळ फोटोचा स्टुडिओ. लग्न, बारसं, पासपोर्ट. हार घालून ताठ उभी राहिलेली माणसं काढून काढून तो विटला होता. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस आले की गावोगाव कबड्डीचे सामने होतात. त्याला ती धावपळ काढायची होती. चढाईला आलेल्या गड्याचा हात फोटोतून बाहेर येऊन बघणाऱ्याच्या गळ्याला लागावा, असा फोटो. तसा फोटो फिशआयच देतं. माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग, अर्धं जग एका चौकटीत घेणारं. दूरचं मुंगीएवढं करतं, जवळचं डोंगराएवढं. म्हणून फोटो काढणाऱ्यानं हातभर अंतरावर जाऊन उभं राहायचं.

महिनाभर त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. कंपनीची लेन्स आपोआप फोकस धरायची. ती त्याच्या ऐपतीपलीकडची. दुसरी अनोळखी नावाची, हातानं फिरवायची. सुगतने विचार केला, फिशआयला फोकसची काळजीच नसते. एकदा हातभरावर लावून ठेवलं, की तिथून तलावाच्या पाळीवरच्या, बांधावरच्या, मोहाच्या झाडापर्यंत सगळं स्वच्छ. मग जास्तीचे पैसे कशाला? त्यानं स्वस्तातली घेतली. फ्लॅशही तसाच घेतला, नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला, जुना, पण कमी ताकदीवर ठेवला तर इतका चटकन लुकलुकणारा की धावता माणूस हवेत गोठून जावा. त्याला एक स्वस्त ट्रिगर जोडला. त्याचा एक तुकडा कॅमेऱ्याच्या डोक्यावर, दुसरा फ्लॅशच्या बुडाशी. इकडे बटन दाबलं की तिकडे उजेड. समोरून उजेड टाकला तर चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. बाजूनं टाकला तर घामाचा थेंबन् थेंब उठून दिसतो.

एकच अडचण होती. बाजूला फ्लॅश धरून उभं राहायला कोणीतरी लागतं. आणि फिशआयला तो कोणीतरी दिसतो.

"मी धरतो ना," टिकारामजी म्हणाले. "सरकारनं उभं केलं तिथं जनमभर उभा रायलो. आता पोरगा करन."

आई, धुरपताबाई, चुलीपासून हसली. "धराल तं धरा, पन तोंड बंद ठेवा. नाही तं फोटोतही बोलत दिसान."

सामन्यांच्या आधी एकदा हात बसवून पाहावा म्हणून सुगतने तुलारामला गाठलं. तुलाराम तलावात मासे धरायचा. त्यानं फेकजाळं फेकलं की ते हवेत फुलासारखं उमलायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पाण्यावर पडायचं. त्याच्यापेक्षा चपळ काही अख्ख्या गावात नव्हतं. कार्तिकातली संध्याकाळ. दिवस बुडायला आला होता, शिंगाड्याच्या वेलांवरून गार वाफ निघत होती. तुलाराम मांडीभर पाण्यात. सुगत त्याच्यापुढे हातभरावर, कमरेइतक्या पाण्यात वाकून. टिकारामजी डावीकडे, धोतर खोचून, फ्लॅश डोक्यावर धरून.

पहिल्या फोटोत जाळं छान आलं. डाव्या काठाला टिकारामजींचं पोट आलं.

"बाबा, थोडं मांगं."

दुसऱ्यात कोपर.

"थोडं मांगं, बाबा."

तुलाराम जाळं गोळा करता करता थांबला. "सुगत बाबू, पान्यातल्या मान्साले असं नोको बोलू."

"कसं?"

"मांगं हो म्हनू नोको. पाळीकडं या म्हनावं, नाही तं बाजूले व्हा म्हनावं. मांगं म्हनत नाही आमी."

पाळीवर तुलारामची बायको सखाबाई टोपली घेऊन बसली होती. तिनं मान न वळवता, वांगी निवडताना गुणगुणावं तसं म्हटलं:

*पान्यातल्या मान्साले नोको म्हनू मांगं,*
*पान्याले असते कान, घेऊन जाते संगं.*

टिकारामजी पाण्यातून ओरडले, "अवो वहिनी, मी पोस्टमन आहो. पत्त्यावर गेल्याबिगर कोठी जात नाही!"

सगळे हसले. तिसऱ्या फोटोत फक्त त्यांच्या हाताची बोटं आली.

उजेड पळत होता. आणखी एक, फार तर दोन फेकी मिळाल्या असत्या. सुगतने कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हटलं, "बाबा, अजून थोडं मांगं."

जाळं उमललं. त्यानं बटन दाबलं. फ्लॅश लागला.

फोटो असा आला की सुगतचं काळीज उड्या मारू लागलं. जाळ्याची कडी न् कडी वेगळी, थेंब हवेत टांगलेले, तुलारामचा हात चौकटीबाहेर आलेला. आणि डावा काठ पहिल्यांदाच साफ.

"बाबा, जमलं!" म्हणत त्यानं मान वर केली.

डावीकडे नुसतं पाणी होतं.

*

उन्हाळ्यात मशीन लावून तलावातला गाळ काढला होता, त्याचा खड्डा तिथं होता. सगळ्यांनी तेच म्हटलं. खड्डा. तुलाराम आणि त्याच्या भाऊबंदांनी लाकडी डोंगे पाण्यात घातले, जाळी ओढली, बांबूनं तळ चाचपला. भंडाऱ्याहून माणसं आली, तीन दिवस गळ टाकून गेली. शिंगाड्याचे वेल निघाले, कमळाच्या देठांची ढेस निघाली, कोणाचा तरी जुना पितळी गंज निघाला. टिकारामजी निघाले नाहीत. फ्लॅशही नाही.

धुरपताबाई रडली नाही. विहारातल्या मंडळींनी पुण्यानुमोदनाच्या विधीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आधी घरी येऊ द्या. माटी देऊ. मंग वंदना घेऊ." आणि रोज सकाळी नवऱ्याचा पांढरा सदरा काढायची, झटकायची, परत घडी घालून ठेवायची. जेवण दोन घासांचं. सुगतकडे ती एकदाच वळली.

"तू काय म्हटलं होतं त्यायले?"

"काही नाही आई. पाय सरकला त्यायचा."

तुलाराम दारात उभा होता. त्यानं खाली पाहिलं.

पाचव्या दिवशी पोलिसांना जागेचे फोटो हवे होते म्हणून सुगत कॅमेरा घेऊन तलावावर गेला. लेन्स काढायचं भान नव्हतं, ट्रिगरचा तुकडाही कॅमेऱ्याच्या डोक्यावर तसाच. भरदुपार होती. डोंग्यात माणसं होती. त्यानं पाच-सहा फोटो काढले आणि घरी येऊन संगणकावर पाहिले.

ऊन उजवीकडून होतं. माणसांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या; त्या बरोबर होत्या. पण प्रत्येकाला आणखी एक सावली होती. फिकी, धारदार, उजवीकडे जाणारी. आणि प्रत्येकाचा डावा गाल पांढरा उजळलेला.

पाण्यावरून उसळलेली उन्हाची चिलक असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चिलक हलते, पसरते. ही सावली कात्रीनं कापल्यासारखी होती. अशी सावली त्याला ओळखता येत होती. तिच्यावरच त्याचं पोट भरत होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. ट्रिगर काढून फोटो घेतला: एक सावली. ट्रिगर लावून घेतला: दोन. काढून, लावून, काढून. वीस फोटो. घरी अंगणात लावून घेतला, तर एकच. डोळ्याला कधीच काही दिसलं नाही, फक्त फोटोत. त्यानं कागदावर लिहून काढलं: फ्लॅशचे चार सेल, चालू राहिले तर दोन दिवस. पाण्यात पडल्यावर एक क्षण. आज सहावा दिवस. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवली.

तुलारामला त्यानं फोटो दाखवले. तुलाराम पाळीवर बसून जाळं सांधत होता. बराच वेळ कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत राहिला.

"थे अजून उभेच हायेत," तो म्हणाला. "तू उभं केलं तिथं."

"काका, मले ते पायजे. आईले पायजे. काय करू, सांगा."

"मले काहून विचारून रायला?"

"तुमाले माईत हाय म्हणून."

तुलारामनं सुईतला दोरा दातानं तोडला. "ज्यानं मांगं म्हटलं, त्यानंच बोलवायचं असते. पुढं या म्हनून." मग जाळं खांद्यावर टाकत उठला. "पन मी नाही सांगत तुले, बाबू. मी नाही सांगत."

आणि तो पाळ उतरून गेला.

*

पाच दिवस सुगतनं स्वतःला धरून ठेवलं. अकराव्या दिवशी सकाळी धुरपताबाईनं सदरा झटकला आणि घडी घालायची विसरली. तो हातात घेऊन ती तशीच भिंतीकडे बघत बसली, चुलीवरचा चहा उतू जाईपर्यंत. दिवस कलला तसा सुगतने कॅमेरा गळ्यात घातला. ती काही न विचारता मागोमाग आली, सदरा घेऊन, आणि पाळीवर मोहाखाली उभी राहिली.

तलाव अगदी निवांत होता. एक बगळा होता, तोही उडाला. सुगत त्याच जागी कमरेइतक्या पाण्यात गेला. आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "बाबा, थोडं पुढं या."

बटन दाबलं. पडद्यावर काळं पाणी, वाकलेलं क्षितिज, आणि दूर डावीकडून आलेला उजेडाचा चिमूटभर पट्टा.

"अजून थोडं पुढं, बाबा."

पट्टा रुंदावला. शिंगाड्याची पानं पांढरी पडली.

"पुढं या."

पूर्ण पांढरा. उजेड जवळ आला की फोटो जळतो. त्यानं सवयीनं भिंगाची पापणी, उजेड आत घेणारं छिद्र, थोडी मिटवली. आठवर होती, अकरावर नेली.

"या बाबा."

परत पांढरा. सोळा.

"मी मांगं म्हटलं होतं, बाबा. मीच म्हटलं होतं. या."

पांढरा. बावीस. त्यापुढे पापणी मिटत नव्हती.

त्यानं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

"या."

हा फोटो जळला नाही. नीट आला, इतका नीट की त्याला आधी कळलंच नाही. पुढे तलाव होता. डावीकडे काही नव्हतं. आणि पाण्यावर, मधोमध, त्याची स्वतःची सावली लांब पडली होती.

उजेड आता त्याच्या पाठीमागे होता.

तो वळला. पाळ, मोह, आई. दुसरं कोणी दिसत नव्हतं.

पण धुरपताबाई हसत होती. अकरा दिवसांत पहिल्यांदा. तिच्या हातातला सदरा पसरलेला होता, कोणाच्या तरी अंगावर घालायला धरावा तसा. ती सुगतकडे बघत नव्हती. त्याच्या नि तिच्या मधल्या पाण्याकडे बघत होती, जिथं पाणी घोटाभर होतं.

"आई? दिसले काय?"

"या जी," ती म्हणाली. आवाज नवीन नवरीसारखा कोवळा. "किती हो ओले झाले."

"आई, कोठी हायेत?"

आता तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या लहानपणी फोटोत आड येणाऱ्या पोरांना बाजूला करायची तसा हात हलवला.

"सुगत, तुह्या बाबायले फोटो काढायचा हाय म्हणतेत. तू थोडं मांगं हो, बाबू."

त्याला सगळं कळत होतं. मागे काय आहे, ते माहीत होतं. आणि आईचं ते तोंड त्याच्यासमोर होतं.

तो एक पाऊल मागे सरला. पायाखाली माती होती.

"अजून थोडं."

दुसरं पाऊल. पाणी छातीला लागलं. कॅमेरा ओला होईल म्हणून त्यानं गळ्याकडे हात नेला. गळ्यात पट्टा नव्हता.

पाळीवरून शटरचा आवाज आला. स्वच्छ, ओळखीचा.

आणि उजेड झाला. तो पाळीवरून आला नाही. त्याच्याच डोक्यावरून आला. सुगतनं वर पाहिलं. त्याचा डावा हात सरळ वर धरलेला होता, लाईट धरतात तसा, आणि कधीपासून ते त्याला आठवत नव्हतं.

"कोपर येऊन रायला, बेटा," टिकारामजींचा आवाज आला, हसरा. "थोडं मांगं."